हाकेला 'ओ' देताना

मुलांनी पुढे काय करावे, हा विषय दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती हमखास निघतो. आमच्या धाराशिवात तो निघाला की मी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'नाही मी एकला' हे आत्मकथन पुढे करतो. जानेवारी २०२० मध्ये येथे भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. अध्यक्षपदी धर्मगुरू कशाला, म्हणून विरोधही झाला. पण संमेलन पार पडले, आणि तेही गोरोबाकाकांच्या नावाच्या नगरीत!

देवाची हाक आली की माणूस जगाकडे पाठ फिरवतो, असा आपला एक समज. वसईचे फादर १९७२ मध्ये धर्मगुरू झाले, आणि जगातच राहिले. 'सुवार्ता' मासिक चालविले, बायबल सुबोध मराठीत आणले, हिरव्या वसईसाठी चळवळीत उतरले. २०२४ मध्ये ते गेले. तेरच्या गोरोबाकाकांनी तरी चाक कुठे सोडले होते? चिखल तुडवतानाच विठ्ठल आळवला.

परवा एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मला मराठीत एम. ए. करायचंय, बाबा नको म्हणतात." बाबांची काळजी खोटी नाही. कोरडवाहू शेती, घरात धाकटी दोन भावंडे. मी पुस्तक तिच्या हाती दिले आणि म्हटले, "आधी बाबांना वाचायला दे." हाक एकाला ऐकू येते, तिची किंमत मात्र सारे घर मोजते. मग ती हाक घरानेही ऐकायला नको का?