तुरुंगातल्या कुजबुजीला किती गुण?

"सर, स्पर्धाच ठेवली नाही तर मुलं मेहनत कशाला घेतील?" हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या तोंडावर निघतो. यंदा मी उत्तर म्हणून मारगेटचं नाव घेतलं, तर सगळे चहा थांबवून माझ्याकडे बघत राहिले. तिथे जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

मारगेट हे इंग्लंडच्या केंट परगण्यातलं समुद्रकाठचं गाव. ३ डिसेंबर २०१९ रोजी तिथे टर्नर प्राइझ जाहीर झालं. १९८४ पासून चालत आलेलं हे ब्रिटनमधलं समकालीन कलेचं सगळ्यात गाजणारं बक्षीस. त्या वर्षी एकूण रक्कम ४०,००० पौंड होती. विजेत्याला २५,००० आणि उरलेल्या तिघांना प्रत्येकी ५,०००. अंतिम यादीत चौघे होते, लॉरेन्स अबू हमदान, हेलन कॅमक, ऑस्कर मुरिलो आणि ताई शानी. या चौघांनी मिळून परीक्षकांना पत्र लिहिलं की आम्हाला एक गट समजा आणि बक्षीस एकत्र द्या. प्रत्येकाचा विषय वेगळा, प्रत्येक विषय माणसांच्या जिवाशी भिडलेला. आम्हाला एकमेकांसमोर उभं केलं तर एकाचं दुःख दुसऱ्याच्या दुःखापेक्षा मोठं असा अर्थ निघेल, असं त्यांचं म्हणणं. परीक्षकांनी ते मान्य केलं. टर्नरच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

लगेच टीका सुरू झाली. हा पळपुटेपणा आहे, सगळेच पहिले म्हणजे कुणीच पहिला नाही, वगैरे. हे म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, तुम्ही नंबर लावून दाखवा. पण त्याआधी काम काय होतं ते बघा.

अबू हमदान हा जॉर्डनच्या अम्मान शहरात जन्मलेला, आवाजावर काम करणारा कलावंत. दमास्कसच्या उत्तरेला सैदनाया नावाचा असदच्या राजवटीचा तुरुंग होता. २०११ ते २०१५ या काळात तिथे ५,००० ते १३,००० लोकांना फाशी दिलं गेलं असा अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचा अंदाज आहे. आत कैद्यांच्या डोळ्यांवर पट्टी, बोलायला मनाई. सुटून आलेल्यांनी फारसं काही पाहिलेलंच नव्हतं, त्यांनी ऐकलं होतं. अ‍ॅम्नेस्टी आणि फोरेन्सिक आर्किटेक्चर यांच्या २०१६ च्या तपासात अबू हमदानने त्यांच्या कानांची साक्ष नोंदवली. वेगवेगळे प्रतिध्वनी ऐकवून विचारलं, तुमच्या खोलीत आवाज असा घुमायचा की असा? त्यावरून खोल्यांचा आकार काढला. मग कुजबुज किती हळू करायचात, हे विचारलं. २०११ च्या उठावानंतर ती कुजबुज १९ डेसिबलने खाली गेली होती, म्हणजे कानाला जवळपास चौपट हळू. दहशत किती वाढली याचं माप एका कुजबुजीतून निघालं.

यातून त्याने 'आफ्टर एसएफएक्स' हा प्रयोगही केला. आवाज, पडद्यावरचा मजकूर आणि प्रेक्षकांसमोर जिवंत सादरीकरण. साक्षीदार आवाज कसा आठवतात, यावर तो उभा आहे. कोसळणारी इमारत कुणाला पॉपकॉर्नसारखी ऐकू येते, बंदुकीची गोळी कुणाला ट्रे पडल्यासारखी. आपल्याकडे काही जाणकार अशा प्रयोगांना 'लाइट-साउंडचा तमाशा' म्हणून मोडीत काढतात. त्यांना सांगावंसं वाटतं की 'शहादत' या शब्दाचा पहिला अर्थ साक्ष हाच आहे, आणि साक्ष कानानेही देता येते. याच माणसाने २०१४ मध्ये कैरोत एक फिल्म केली. तिथल्या दोन शेखांनी लाउडस्पीकरवरून ध्वनिप्रदूषणावर प्रवचन दिलं आहे! फिल्मचं नाव 'द ऑल हियरिंग', सर्व काही ऐकणारा. 'अस-समी' हे अल्लाहचं नाव आपण किती वेळा उच्चारतो, आणि त्याच वेळी भोंग्याचा आवाज किती ठेवतो, हा विषय वेगळा. त्यावर पुन्हा कधीतरी.

आता दुसऱ्या बाजूला हेलन कॅमक. तिची फिल्म १९६८ च्या डेरीतल्या नागरी हक्क चळवळीतल्या, इतिहासाने बाजूला टाकलेल्या बायकांबद्दल. बोला, सैदनायाचा कैदी पहिला की डेरीची बाई?

चौघांना मी फुकटचं संतपद देत नाही. त्यांनी नामांकन स्वीकारलं, प्रदर्शनात काम मांडलं, पैसेही घेतले. जॉन बर्जरने १९७२ मध्ये बुकर घेतलं आणि अर्धी रक्कम ब्लॅक पँथर्सना देऊन टाकली, ते जास्त तिखट होतं. आणि पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. २०२१ च्या टर्नरला अंतिम यादीत पाचही कलासमूहच घेतले. म्हणजे चौघांनी शर्यत मोडायला जो एकोपा वापरला, त्याचाच नवा गट करून संस्थेने पुन्हा शर्यत लावली. बेलफास्टच्या अ‍ॅरे कलेक्टिव्हला २५,००० मिळाले, बाकीचे मागे. त्या यादीतल्या ब्लॅक ऑब्सिडियन साउंड सिस्टीम या लंडनच्या समूहाने तर जाहीर निवेदन काढलं की संस्थांना सामूहिक कामाचं कौतुक आहे, पण ते कसं सांभाळायचं याची तयारी नाही. बंड पचवायला संस्थांना वेळ लागत नाही. आपल्याकडेही लागत नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्यांना दोष देणं सोपं आहे. काही वर्षांपूर्वी यंत्रमागाच्या एका गावात आंतरशालेय स्पर्धेला मी परीक्षक होतो. देशभक्तीपर नाच, कव्वाली, हुंड्यावरची नाटुकली, सगळं ठरलेलं. मग नववीतला एक मुलगा आला. स्टेजवर पांढरी चादर टांगली, मागून टॉर्च लावला आणि मोबाइलवरून अब्बांच्या कारखान्यातला लूमचा आवाज स्पीकरला जोडला. टॉर्चसमोर बोटं हलवून तो चादरीवर धाग्यांच्या सावल्या पाडत होता. मध्येच टॉर्च बंद, आवाज बंद. लाइट गेली. मिनिटभर अंधारात काहीच नाही, फक्त कुणीतरी खोकतंय. लूमवाल्या घरातल्या बायका मागच्या रांगांत बसल्या होत्या, त्यांच्यातलं कुणी हललं नाही. लाइट गेली की मजुरी जाते, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं.

माझ्यासमोर छापील तक्ता होता. वेशभूषा, उच्चार, अभिनय, वेळ. वेशभूषेला मी शून्य दिलं. उच्चाराला शून्य, कारण तो बोललाच नव्हता. तो शेवटून दुसरा आला. पहिला नंबर नाचाला दिला, नाच खरंच चांगला बसवला होता. निकालानंतर तो चादरीची घडी घालत होता तेव्हा मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "बेटा, पुढच्या वेळी ड्रेसकडे लक्ष दे." तो "जी सर" म्हणाला. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

मेहनतीबद्दल म्हणाल तर त्या मुलाला कुणी बक्षिसाचं आमिष दाखवलं नव्हतं. त्याने कारखान्यात जाऊन आवाज गोळा केला, कारण त्याला तो ऐकवायचा होता. उलट स्पर्धेने त्याचे प्रेक्षकच पळवले. आपला नंबर झाला की शाळा मुलांना गाडीत बसवून घरी नेतात. पडद्यामागे जी मुलं उभी असतात त्यांना समोर काय चाललंय हे बघायला सवड नसते. मुशायऱ्यात शमा पुढे सरकत जाते आणि पहिला वाचणाराही शेवटपर्यंत बसून दाद देतो. (तिथेही ज्येष्ठांचा मान शेवटी असतो आणि त्यावरून रुसवेफुगवे होतात, हे मला माहीत आहे.)

म्हणून यंदा आमच्या मुख्याध्यापकांना मी लेखी दिलं आहे. परीक्षक व्हायला तयार आहे, पण गुणतक्ता नको. बक्षिसाची रक्कम सगळ्या संघांत सारखी वाटा. आणि एक अट घाला, जो संघ दिवसभर बसून इतरांचं बघेल, ऐकेल, त्यालाच स्टेज मिळेल. अर्जावर अजून उत्तर आलेलं नाही. स्टाफरूममध्ये मात्र मला 'मारगेटवाले सर' म्हणायला लागले आहेत.