सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

आपला समाज जखमांचा हिशेब ठेवत नाही, असे कोणी म्हणू नये. १९९२च्या डिसेंबरात आणि १९९३च्या जानेवारीत मुंबईत काय घडले ते जोगेश्वरीत किंवा बेहरामपाड्यात चहाच्या कुठल्याही टपरीवर विचारा, उत्तर आकड्यांत मिळेल. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. २,०३६ जखमी झाली. आयोगाचा अहवाल १९९८ साली आला आणि त्याचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला सरकारला सांगावे लागले, की बेपत्ता झालेल्या १६८ जणांपैकी १०८ जणांचे वारस अजून शोधायचे राहिले आहेत. त्यांना शोधा आणि दोन लाख रुपये व्याजासह द्या.

हे आकडे पाठ असलेच पाहिजेत. पण या हिशेबात एक रकाना कोरा आहे. त्या रात्री पलंगाखाली, पोटमाळ्यावर, पाण्याच्या पिंपामागे तोंड दाबून बसवलेली लेकरे किती होती? ती पुढे कशी झोपली, कशी शिकली, कशी नांदली? आयोगाने ते मोजले नाही, सरकारने मोजले नाही. आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर आपणही मोजले नाही. ही लेकरे एकाच बाजूची नव्हती. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत ८ जानेवारीच्या पहाटे सहा हिंदू माणसे जाळून मारली गेली. त्या गल्लीतही लेकरे होती आणि त्यांच्याही कानांत तो आवाज राहिला असेल.

आम्ही त्या कोऱ्या रकान्यातले. आमचे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. घरात कोकणी, मोहल्ल्यात हिंदी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. त्या जानेवारीत आम्ही पाच वर्षांचे होतो. जोगेश्वरी पूर्वेला मामूंच्या एका खोलीत अकरा माणसे दिवा मालवून बसली होती. आईने आमच्या तोंडावर हात दाबला आणि कानात सांगितले, "आवाज केलास तर ते येतील." ते आले नाहीत. आम्ही वाचलो. गप्प राहिले की जीव वाचतो, हा आमच्या आयुष्यातला पहिला धडा. अलिफ-बे त्यानंतर.

पुढे बी.एड. झाले, उपनगरातल्या एका उर्दू शाळेत नोकरी लागली. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता, त्यात गुणही चांगले पडले. आणि २०१९ साली सातवीच्या वर्गात, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या एका मुलाला आम्ही छडीने मारले. तो रडला नाही. बाकाखाली शिरला आणि स्वतःच्या तोंडावर स्वतःचाच हात दाबून बसला. तो हात आम्ही ओळखला.

त्या मुलाच्या मोहल्ल्यात दंगल झाली नव्हती. त्याच्या घरी बाप होता. रोज रात्री पट्टा निघत असे.

इथेच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. परक्याने केलेली जखम आपण सभेत दाखवतो, आणि आपल्या माणसाने केलेली जखम इज्जतीच्या पडद्याआड झाकतो. बापाचा पट्टा म्हणजे तरबियत, उस्तादांची छडी म्हणजे अदब, आणि एखाद्या नातेवाइकाने पोरीला केलेला नको तो स्पर्श म्हणजे "कुणाला सांगू नकोस, बाजीच्या लग्नात अडचण येईल." लेकराच्या मनाला मात्र आपले-परके कळत नाही. त्याला भीतीच कळते. वाचकहो, यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांना विहिरीत टाकणारे परके होते काय? त्यांचेच भाऊ होते. ते झाकून ठेवावे असे कुराणाला वाटले नाही. मग आपल्याला का वाटावे?

आम्ही मानसोपचार घ्यायचे ठरवले तेव्हा तीन प्रकारची माणसे आडवी आली. तिघांनाही इथे उत्तर देणे आम्हाला भाग आहे.

पहिले म्हणाले, "ईमान कमजोर झाले आहे. सब्र करा, वजीफा पढा." एका आमिलबाबांनी असर आहे असे सांगून तावीज दिला आणि दम केलेले पाणी दिले. दुआला आमचा विरोध नाही; आम्ही दुआ करतो. पण मोतीबिंदू झाला की हीच मंडळी ऑपरेशनची तारीख घेतात, तेव्हा ईमान आड येत नाही. उंट आधी बांधावा, मग तवक्कल करावा, ही शिकवण फक्त उंटापुरती आहे काय? याकूब अलैहिस्सलाम मुलासाठी रडून रडून डोळे गमावून बसले आणि तरीही त्यांच्या सब्राला सुंदर म्हटले गेले. म्हणजे सब्र आणि अश्रू यांचे वैर नाही. दहाव्या शतकात वारलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. राग, भीती, दुःख आणि पाठ न सोडणारे विचार यांची वेगवेगळी मांडणी त्यांनी केली आणि उपाय सांगितले. मनाचा इलाज ही पश्चिमेची आयात आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच वारसा वाचलेला नाही. मुंबईपुरते बोलायचे तर १९३६ साली नागपाड्याच्या मुस्लिम वस्तीत जी समाजकार्याची संस्था सुरू झाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र म्हणून ज्याची नोंद होते, ते याच संस्थेने १९३७ साली काढले. आपल्या दारातून सुरू झालेली गोष्ट आपल्यालाच परकी वाटावी, याला काय म्हणावे?

दुसरे आमचे वडीलधारे. ते म्हणाले, "आम्हीही सोसले, आम्हाला काय झाले?" त्यांना आम्ही अदबीने विचारतो, खरेच काही झाले नाही? फटाक्याच्या आवाजाने ज्यांचा ताबा सुटतो, डिसेंबर आला की ज्यांची झोप उडते, ज्यांनी तीस वर्षांत मुलाला एकदाही जवळ घेतले नाही, त्यांना काय झाले? सोसणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे सोसून आत ठेवले जाते ते घरातल्या लहानावर निघते. आमचे छडीवर निघाले.

तिसरे कार्यकर्ते मित्र. त्यांचा मुद्दा वजनदार आहे. ते म्हणतात, "तुम्ही अन्यायाला आजार बनवता. आपल्याला न्याय हवा, समुपदेशन नको. गोळ्या देऊन गप्प बसवतील." हा धोका खोटा नाही. एका दवाखान्यात आम्हाला तीन मिनिटे मिळाली आणि चिठ्ठी. एका महागड्या केबिनमध्ये विचारले गेले, "मग तुम्ही त्या वस्तीतून बाहेर का पडत नाही?" जणू घर बदलणे म्हणजे शर्ट बदलणे. पण न्यायाची वाट पाहत लेकरू लेकरू राहत नाही. नोव्हेंबर २०२२चा निकाल आला तेव्हा पाच वर्षांचे लेकरू पस्तिशीला आले होते. न्याय सरकारकडून येणे आहे, ते मागतच राहू. इलाज हे आपल्या लेकरांचे आपल्याकडून येणे आहे. एक येणे थकले म्हणून दुसरे का बुडवायचे? शिवाय ज्याला बोलता येत नाही त्याला साक्षही देता येत नाही. बरे झालेला माणूस गप्प बसत नाही, तोच नीट बोलतो.

मग तिथे होते तरी काय? वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणे एवढीच आपली कल्पना. अंधेरीत ज्या बाईंनी आम्हाला हात दिला, त्यांनी पहिल्या तीन सिटिंगमध्ये त्या रात्रीविषयी काहीच विचारले नाही. आधी श्वास कसा सोडायचा, पाय जमिनीला टेकवून आपण आत्ता कुठे आहोत हे स्वतःला कसे सांगायचे, एवढेच शिकवले. चौथ्या वेळी आम्ही बोललो. मग तीच रात्र पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी जास्त. आघाताची आठवण इतर आठवणींसारखी मागे पडत नाही. शरीराला ती आत्ता चालू आहे असेच वाटत राहते. सुरक्षित जागी, तयार माणसापुढे ती उलगडली की हळूहळू ती भूतकाळात जाऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली अशा आघातासाठी, मुलांना आणि मोठ्यांनाही, ज्या बोलण्याच्या उपचारांची शिफारस केली त्यांचे मर्म हेच. आम्हाला चौदा महिने लागले, मधले लॉकडाउनचे महिने फोनवरून. चमत्कार झाला नाही. फटाक्याने अजून दचकतो. पण ती छडी गेली.

आता मागण्या. पहिली स्वतःकडे. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ने शाळेत मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली. ही बंदी आपल्या शाळांत, मदरशांत आणि शिकवण्यांत पाळली जाते का, हे आपणच पाहायचे आहे. दुसरी शाळा चालवणाऱ्या आपल्या संस्थांकडे. २५ जुलै २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर खर्च होतो, मग यासाठी पैसा नाही असे कसे म्हणता येईल? आणि तो माणूस लेकराच्या बोलीत बोलणारा हवा. आपल्या मुली मानसशास्त्र शिकत आहेत, त्यांना शिष्यवृत्ती द्या, जकातीचा विचार करा. तिसरी सरकारकडे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक उपचारांचा हक्क प्रत्येकाला दिला. मग पालिकेच्या दवाखान्यात तीन मिनिटे का? २०२२पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तो निदान प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहिलेला असावा.

चौथी मागणी सर्वांत अवघड आणि तिला पैसा लागत नाही. मोठ्यांनी लहानांची माफी मागावी. आम्ही त्या मुलाची मागितली, भर वर्गात, जिथे मारले होते तिथेच. तो काही बोलला नाही. पण त्याच्या आईला घेऊन आम्ही पालिकेच्या रुग्णालयाच्या रांगेत उभे राहिलो तेव्हा तोही सोबत आला. पुढे तो बोलू लागला. थोडे, पण स्वतःहून. बारावी झाला आहे.

येत्या डिसेंबरात आपण पुन्हा आकडे सांगू, सांगायलाच हवेत. ते सांगून झाले की घरी जाऊन आपल्या लेकराला एवढेच विचारावे, "तुला कशाची भीती वाटते?" आणि उत्तरात आपलेच नाव आले तर रागावू नये. ऐकून घ्यावे.