चक्रवाकाचे दक्षिणेकडील घर

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी मुलांना विचारले, "चक्रवाक म्हणजे काय?" एक विद्यार्थी तत्काळ उभा राहून म्हणाला, "सर, तो कवितेतला पक्षी आहे."

उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. चक्रवाकाचे जोडपे दिवसभर एकत्र असते. रात्र पडली की एक या तीरावर आणि दुसरे त्या तीरावर अशी त्यांची ताटातूट होते आणि ती दोघे रात्रभर एकमेकांना हाका मारीत राहतात, असा जुना कविसंकेत आहे. १२९० साली प्रवरेच्या काठी नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीतही तो आला आहे. सोळाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वरांनी सद्गुरूला सूर्य कल्पिले आहे. या सूर्याच्या उदयाने बुद्धी आणि बोध या चक्रवाकांच्या जोडीची पुन्हा भेट होते, असा तो सुंदर दृष्टान्त आहे.

त्याच हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन निफाड तालुक्यातील चापडगावला गेलो. नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य तेथे आहे. मनोऱ्यावर दुर्बीण लावून मी त्या विद्यार्थ्याला पलीकडच्या काठावरची एक जोडी दाखविली. केशरी-तपकिरी अंग, फिकट डोके, काळी शेपटी. तो क्षणभर पाहत राहिला व म्हणाला, "सर, हे तर आमच्या नदीवरचे ब्राह्मणी बदक!" कवितेतला पक्षी आणि त्याच्या गावच्या नदीवरचा पक्षी एकच होता. त्या शोधाने त्याचा चेहरा कसा उजळला, हे मी अद्याप विसरलेलो नाही.

हा पक्षी मूळचा आपल्या जिल्ह्यातील नाही. लडाख, तिबेट आणि मध्य आशिया येथील सरोवरांच्या आसपास, कड्यांच्या कपारींत व बिळांत तो घरटे करतो. पिले उडू लागली आणि उत्तरेकडील थंडी वाढली की तो दक्षिणेकडे निघतो. हिमालय ओलांडताना एका चक्रवाकाने ६,८०० मीटरपर्यंतची उंची गाठल्याचे पक्ष्यांच्या अंगावर बसविलेल्या यंत्रांवरून कळले असून, तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. इतके कष्ट सोसून तो आपल्या गोदावरीवर येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. तेव्हा द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात आणि आपण कुडकुडतो. लडाखहून आलेल्या पाहुण्याला मात्र हीच हवा उबदार वाटत असेल!

एखादी पक्षिजाती ज्या प्रदेशात वावरते त्याला आपण तिचे विहारक्षेत्र म्हणू. चक्रवाकाची विहारक्षेत्रे दोन : उन्हाळ्याचे उत्तरेकडे, हिवाळ्याचे दक्षिणेकडे. हिवाळी क्षेत्रात महाराष्ट्र दक्षिणेच्या बाजूस येतो; आणखी दक्षिणेस हा पक्षी विरळ होत जातो. ही सीमा कोण ठरविते? निव्वळ थंडी नव्हे. बदकांची दाट पिसे आणि त्यांखालील मऊ लव त्यांना थंडीपासून पुष्कळ राखते. परंतु पाणी गोठले आणि जमीन बर्फाने झाकली, की अन्न मिळेनासे होते, आणि भुकेपुढे पंखांना निघावेच लागते. म्हणून बर्फ किती पसरले, पाणी कोठे उरले आणि चारा कोठे मिळाला, यांवर या पक्ष्यांच्या हिवाळ्याचा नकाशा बहुतांशी ठरतो.

तो नकाशा आता बदलू लागला आहे. कोळसा व खनिज तेल यांच्या जळण्याने वातावरणात कर्बवायू साठत आहे आणि पृथ्वी तापत आहे. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या मानाने सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. एक अंश म्हणजे आपणांस काहीच वाटत नाही. पण तेवढ्याने एखाद्या सरोवराचे गोठणे लांबते किंवा टळते, आणि मग तेथील बदकांना पुढे जाण्याचे कारण उरत नाही.

ही केवळ कल्पना नाही. नांदूरमध्यमेश्वरलाही अधूनमधून दिसणारे शेंडी बदक युरोपात पुष्कळ आहे. तेथील अनेक वर्षांच्या गणनांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. उत्तरेकडील फिनलंडमध्ये हिवाळा काढणारी शेंडी बदके तीन दशकांत पुष्कळ वाढली आणि विहारक्षेत्राच्या दक्षिण टोकाकडे ती कमी झाली, असे त्यात दिसून आले. अमेरिकेत १९०० सालापासून नाताळच्या सुमारास हौशी निरीक्षक पक्षी मोजतात. त्या नोंदींपैकी १९६६ ते २००५ या काळातील ३०५ जातींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १७७ जातींचे हिवाळी क्षेत्र उत्तरेकडे सरकल्याचे आढळले. सर्व जातींची सरासरी काढली तर हे अंतर सुमारे ५६ किलोमीटर भरले.

सीमा केवळ मागेच सरते असे नाही. ती पुढेही जाते. आपल्या राष्ट्रीय पक्ष्याचेच उदाहरण घ्या. मोराला फार दाट व ओली अरण्ये मानवत नाहीत. त्याला कोरडे, मोकळे रान आवडते. १९३३ साली डॉ. सलीम अली यांनी त्रावणकोर-कोचीन संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांना तेथे मोर आढळला नाही. आज त्याच केरळात मोर ठिकठिकाणी दिसतो. तेथील काही प्रदेश पूर्वीपेक्षा कोरडा होत चालला आहे, हे त्याचे एक कारण असावे, असे २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. मोराचे आगमन कोणाला आवडणार नाही? परंतु तो आपल्याबरोबर भूमीच्या कोरडेपणाची वार्ताही घेऊन येतो.

मग आपल्या नांदूरमध्यमेश्वरचे काय? येथे घाई करून चालणार नाही. एखाद्या हिवाळ्यात पाहुणे थोडे आले, की लगेच "हा हवामानबदल" असे म्हणण्याची आपणांस सवय लागली आहे. पण ज्या वर्षी पाऊस उदंड होतो, त्या वर्षी गावोगावची तळी भरलेली असतात आणि पक्षी त्यांवर विखुरतात. ते कमी झालेले नसतात, पांगलेले असतात. एका हिवाळ्यावरून निर्णय देणे म्हणजे एका दिवसाच्या गैरहजेरीवरून विद्यार्थ्याचे नाव पटावरून काढणे होय. तथापि, जे फिनलंडमध्ये घडले ते आशियाच्या सरोवरांवरही घडू शकेल आणि तसे झाले तर दक्षिणेकडील पाणवठ्यांना त्याची झळ प्रथम लागेल, हेही नाकारता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, "उत्तरेतच सोय झाली तर पक्ष्यांचे कष्ट वाचतील. आणि ते येणारच नसतील तर त्यांच्यासाठी येथील पाणथळ जागा तरी कशाला राखायची? त्यापेक्षा गाळपेर करून पीक घ्यावे." हा विचार वरवर व्यवहारी वाटतो. मला मात्र तो चुकीचा वाटतो, आणि का ते सांगतो.

पृथ्वी तापली म्हणून थंडीच्या लाटा संपलेल्या नाहीत. दहा सौम्य हिवाळ्यांनंतर अकरावा कडक येतोच. उत्तरेत विसावलेल्या पक्ष्यांच्या पायांखालचे पाणी त्या वर्षी एकाएकी गोठेल, तेव्हा ते दक्षिणेकडे धाव घेतील. त्या वेळी येथे पाणी व चारा नसेल तर ते कोठे जातील? मुंबई-पुण्यास गेलेली मुले वर्षानुवर्षे गावी येत नाहीत, म्हणून आई घर विकीत नाही. अडल्यानडल्या वेळी ती येतील हे तिला ठाऊक असते. नांदूरमध्यमेश्वर हे चक्रवाकाचे दक्षिणेकडील घर आहे. पाहुणे कमी आले म्हणून ते मोडू नये. किंबहुना, नकाशा अस्थिर झाला आहे म्हणूनच ते अधिक जपावे. शिवाय इतर प्रदेशांतून नव्या जाती सरकत आल्या, तर त्यांनाही उतरावयास जागा लागेल. पक्ष्याला पंख असतात. तळ्याला ते नसतात.

आणि हे घर बांधले कोणी? माणसानेच. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी पाटबंधाऱ्यासाठी दगडी बंधारा घातला गेला. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ पाणी पसरले, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी येऊ लागले. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले. २०१९ साली रामसर कराराखालील जागतिक महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत त्याचा समावेश झाला. असा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिलेच स्थळ होय. याच बंधाऱ्यातून निघणारे गोदावरीचे कालवे कोपरगाव, राहाता या भागांतील शेतीला पाणी देतात. शेतकऱ्याला पाणी हवेच. त्याचा हक्क कोणी अमान्य करू नये. परंतु नदीत सांडपाणी सोडणे, त्यावर पोसलेल्या पाणवेलींनी पात्र झाकू देणे, पक्षी विसावत असता काठावर गोंगाट करणे, यांत कोणत्याही शेतकऱ्याचे हित नाही. उत्तरेतील बर्फ नाशिकच्या माणसाच्या एकट्याच्या हाती नाही. गोदावरीचे पाणी मात्र पुष्कळसे आपल्याच हाती आहे. जे हाती नाही त्याच्याकडे बोट दाखवून, जे हाती आहे ते सोडून देणे शहाणपणाचे नव्हे.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, "आम्ही लहान, आम्ही काय करणार?" तुम्ही मोजू शकता. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ सालापासून दरवर्षी जानेवारीत होते, आणि तीत हौशी निरीक्षकांचाही सहभाग असतो. तुमच्या गावचे तळे, बंधारा किंवा नदीचा डोह निवडा. एका वहीत दिनांक, वेळ, स्थळ, पक्ष्याचे नाव व संख्या लिहा. नाव ठाऊक नसेल तर रंग व आकार लिहा. पक्षी दिसला नाही तर त्या दिवशी शून्य लिहा; शून्य ही देखील नोंदच आहे. अशी वही दहा वर्षे प्रामाणिकपणे लिहिली गेली, तर ती पुष्कळ वादांचा निकाल लावील. अमेरिकेतील आणि युरोपातील त्या मोठ्या निष्कर्षांच्या मुळाशी अशाच साध्या वह्या होत्या.

मी आयुष्यभर मराठी शिकविले. अनेक शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले. चक्रवाक या शब्दाचा अर्थ मात्र त्या दिवशी नदीने शिकविला. उद्या हा पक्षी येथे येईनासा झाला तर ज्ञानेश्वरीतील शब्द राहील. पण पुढच्या वर्गातील मुलगा पुन्हा म्हणेल, "तो कवितेतला पक्षी आहे," आणि त्याला दुर्बीण लावून दाखवावयास काठावर काही नसेल. ती वेळ टळावी असे वाटत असेल, तर या हिवाळ्यात एकदा नदीकाठी जा, शांतपणे उभे राहा, आणि जे दिसेल ते वहीत लिहा.