वास कुणाच्या तेलाला येतो?

हिंजवडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये चौघांत मिळून पाच लिटरचा एक कॅन असायचा. रिफाइंड सोयाबीन. पोहे त्यात, पास्ता त्यात, रविवारची अंडाकरी आणि फ्राइड राइसही त्यातच. ते तेल निवडलं कुणी होतं? कुणीच नाही. ॲपवर ज्याची ऑफर असेल ते यायचं.

मग कोलकात्याचा एक जण राहायला आला आणि त्याने मोहरीच्या तेलाची बाटली आणली. उकडलेला बटाटा कुस्करायचा, त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि वरून चमचाभर कच्चं तेल. भाताबरोबर हे खायचा. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला सांगितलं, ‘यार, वास येतो.’ सांगणाऱ्यांत मी पुढे होतो. त्याने बाटली कपाटात ठेवली. आमच्या कॅनमधलं तेल घालून एकदा बटाटा केला, अर्धा टाकून दिला, आणि पुन्हा केलाच नाही.

दोन महिन्यांनी माझे वडील बार्शीहून करडईच्या तेलाचा डबा घेऊन आले. मी भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घेतली, त्यात खड्डा करून तेल ओतलं. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, ‘कसला रे वास?’

तेव्हापासून मला ‘न्यूट्रल ऑइल’ हा शब्द सहन होत नाही. रेसिपीच्या प्रत्येक व्हिडिओत तो असतो: ‘कोणतंही न्यूट्रल तेल घ्या.’ जणू बियांतून तेल तसंच निघतं! सोयाबीनच्या कच्च्या तेलालाही वास असतो. कारखान्यात ते अल्कलीने धुतात, विशिष्ट मातीतून गाळून रंग घालवतात आणि शेवटी निर्वात टाकीत दोनशे अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. या शेवटच्या पायरीचं नावच ‘डिओडरायझेशन’ आहे. वास मुद्दाम काढलेलं तेल ‘नॉर्मल’ ठरलं आणि ज्याला वास आहे ते ‘गावठी’, ‘बंगाली’, ‘मद्रासी’.

खोबरेलाचंच बघा. पुण्यात खोबरेलात भाजी करतो म्हटलं की लोक हसतात, ते तर केसांचं. बांगड्याच्या हुमणावर गोव्यात शेवटी कच्चं खोबरेल सोडतात, केरळात अवियलवर कढीपत्त्याबरोबर सोडतात. ते काढून टाकलं तर उरते ती नारळाच्या वाटणातली मिक्स व्हेज. आणि हा घोळ आपल्या डोक्यातच नव्हता. छोट्या पॅकमधल्या खोबरेलावर कर कुठला, खायच्या तेलाचा की केसांच्या तेलाचा, हा वाद पंधरा वर्षांहून जास्त चालला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की केसांचं तेल म्हणून विकलेलं नसेल तर ते खाद्यतेलच.

आता स्मोक पॉइंटवाले येतील. रिफाइंडचा स्मोक पॉइंट जास्त, म्हणून ते चांगलं, असा तक्ता सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह असतो. पुऱ्या, वडे तळायचे असतील तर तक्ता कामाचा आहे, माझं काही म्हणणं नाही. पण त्या तक्त्यात जेवण नाही. बंगालमध्ये मासा तळायच्या आधी मोहरीचं तेल मुद्दाम धूर येईपर्यंत तापवतात, कारण त्याचा नाकात जाणारा उग्रपणा कमी करायचा असतो. तेच लोक भापा इलिशवर तेच तेल कच्चं घालतात, कारण तिथे तो उग्रपणाच हवा असतो. एकाच बाटलीचे दोन उपयोग, आणि दोन्हींमागे हिशेब आहे. तिळाचंही तसंच. तमिळ घरात इडलीच्या पोडीत कालवतात ते न भाजलेल्या तिळाचं, सौम्य. चिनी आणि कोरियन स्वयंपाकातलं भाजलेल्या तिळाचं, गडद. ते गॅस बंद करताना चार थेंब. आपण दोन्हीकडे रिफाइंड घालतो आणि मग ‘हॉटेलसारखं का होत नाही’ म्हणून अजिनोमोटो शोधतो.

सगळ्यात विनोदी प्रकार आलिओ ए ओलिओ. नावाचा अर्थच लसूण आणि तेल. त्या पास्त्यात तेलाशिवाय दुसरं फार काही नाहीच, आणि आम्ही तो सोयाबीनच्या रिफाइंडमध्ये करून वर चिली फ्लेक्स मारत होतो. उलट पगार वाढल्यावर माझ्याच टीममधले लोक भेंडीच्या भाजीला ‘ऑलिव्ह पोमेस’ वापरायला लागले. पोमेस म्हणजे ऑलिव्हचं तेल काढून उरलेल्या चोथ्यातून रसायनाने ओढून रिफाइन केलेलं तेल. चव गेलेली, किंमत मात्र इटलीची.

लाकडी घाणावाल्यांशीही माझं भांडण आहे. तेल म्हणजे औषध, हृदय, कॅन्सर, केस सगळं बरं, असं सांगत तिप्पट भावाने विकतात. मला करडईचं तेल भाकरीवर हवंय, प्रिस्क्रिप्शनवर नाही. आणि सुटं तेल शुद्धच असतं या भ्रमात राहू नका: १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातल्या पिवळ्या धोत्र्याच्या भेसळीने साठहून जास्त माणसं गेली. सीलबंद पिशवीवर लोकांचा विश्वास बसला तो उगाच नाही.

पण त्या पिशवीत येतं काय? १९८६ मध्ये तेलबियांसाठी सरकारने मिशन काढलं, नव्वदीच्या सुरुवातीला देश जवळजवळ स्वयंपूर्ण झाला, आणि १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. आज आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली तेव्हा आमच्या ग्रुपवर भाववाढीचे मीम फिरत होते. माझे वडील सोयाबीन घेतात. २०२४ चा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल, त्यांना मिळाले ४,१००. त्या पैशातून आई किराणा दुकानातून रिफाइंड सोयाबीन आणते.

आजोबांच्या वेळी ज्वारीच्या रानाला कडेने करडई असायची, काट्यांमुळे जनावरं आत शिरत नसत. त्याच काट्यांमुळे आता काढणीला मजूर नको म्हणतात, हाताला कापड गुंडाळून काम करावं लागतं. भावाचीही खात्री नाही. वडिलांना मी हे सगळं ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, ‘तू खाणार किती? वर्षाला दहा लिटर. त्यासाठी रान अडकवू?’ बरोबर बोलले. म्हणूनच हा लेख लिहितोय, एकट्याच्या दहा लिटरनी काही होत नाही.

चार बाटल्या ठेवणं परवडत नाही हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धाच. तळणाला रिफाइंड ठेवा. वरून घालायच्या तेलाची पावशेराची बाटली आणा, जे जेवण तुम्ही सगळ्यात जास्त करता त्याची. पावशेर महिनाभर सहज जातं. एका पिझ्झाहून स्वस्त पडतं.

कोलकात्याचा तो मुलगा गेल्या वर्षी बंगळुरूला गेला. मी त्याला मेसेज करून विचारलं, मोहरीचं तेल कुठलं घेऊ. त्याने ब्रँड सांगितला आणि विचारलं, ‘फ्लॅटमध्ये चालेल?’ या रब्बीत वडिलांनी हरभऱ्यात करडईच्या चार ओळी टाकल्यात. काढणीला मी सुट्टी टाकलीय, आणि हातमोजे मागवलेत.