विश्लेषण : शाखेत दोन इंटरनेट, तरी ‘लिंक’ का जाते?

‘लिंक नाही, दुपारून या.’ निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावात बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या खिडकीवर हे वाक्य अनेकांनी ऐकलेले असते. सोयाबीनचे पैसे काढायला औराद शहाजानीहून एसटीने आलेल्या माणसाचा त्यात अख्खा दिवस जातो. उपाय म्हणून अनेक संस्था आता शाखेत दुसरी, पर्यायी जोडणी घेतात. कंपन्या दोन, बिले दोन. तरीही कधी कधी दोन्ही जोडण्या एकाच मिनिटाला बंद पडतात. असे का होते आणि ते कसे टाळता येईल?

शाखा मुख्य कार्यालयाशी कशी जोडलेली असते?

समजा, एका पतसंस्थेचे मुख्य कार्यालय लातूरला आहे आणि शाखा निलंगा, औराद व कासारशिरसीला. खातेदारांची नोंद शाखेतील संगणकात नसते. ती लातूरच्या किंवा पुण्या-मुंबईकडच्या सर्व्हरवर असते. शाखेतील राउटरपासून त्या सर्व्हरपर्यंतच्या खासगी जाळ्याला ‘वाइड एरिया नेटवर्क’ म्हणजेच ‘वॅन’ म्हणतात. पूर्वी ते भाड्याच्या लीज्ड लाइनवर चाले. आता अनेक ठिकाणी साध्या फायबर इंटरनेटमधूनच व्हीपीएनचा बंदिस्त मार्ग काढला जातो. सरकारी कार्यालयांचीही अशीच व्यवस्था आहे. केंद्राने मार्च २००५ मध्ये मंजूर केलेल्या ‘स्वान’ योजनेत राज्य, जिल्हा आणि तालुका मुख्यालये किमान २ एमबीपीएस वेगाने जोडायची होती. महाराष्ट्रातील ‘एमस्वान’ त्यातूनच उभे राहिले.

हा २ एमबीपीएसचा आकडा आज हास्यास्पद वाटेल. पण खात्यावर जमा-नावे टाकायला फार वेग लागत नाही, जोडणी अखंड राहावी लागते. खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून सांगितले जाते तेव्हाही अनेकदा सर्व्हर ठणठणीत असतो आणि मधली तार तुटलेली असते.

दोन कंपन्या म्हणजे दोन मार्ग नव्हेत?

खरी अडचण इथेच आहे. तालुक्याच्या गावात येणारी फायबर बहुधा मुख्य रस्त्याच्या कडेने येते. एका कंपनीची तार चरात आणि दुसरीची त्याच रस्त्यावरच्या खांबांवर असेल, तर रस्ता रुंदीकरणात दोन्ही हलतात. त्यातही कंपन्या एकमेकींची फायबर भाड्याने घेतात. बिलावर नावे वेगळी असली, तरी काचेचा धागा एकाच केबलमधला असू शकतो. मोबाइलचेही तसेच. दोन कंपन्यांची दोन सिम घेतली, पण दोघींची यंत्रे एकाच टॉवरवर असतील आणि त्या टॉवरला जाणारी फायबर लातूर रस्त्याच्या त्याच चरातून येत असेल, तर जेसीबीच्या एका फटक्यात फायबर आणि दोन्ही सिम गप्प होतात.

लातूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एकाच धरणावरचे दोन नळ घेऊन तेव्हा कोणाची तहान भागली नसती.

हिशेब करून पाहिला तर फरक नीट कळतो. वर्षाचे तास ८,७६०. जोडणी ९९ टक्के वेळ चालू असेल, तर ती वर्षात सुमारे ८८ तास बंद राहते. अशा दोन जोडण्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षाला ५३ मिनिटांच्या आसपास येतो. कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी नेमका हाच हिशेब दाखवतात. पण निम्मे बिघाड दोन्ही जोडण्यांत सामाईक असतील, तर वर्षाला सुमारे ४४ तास तसेच शिल्लक राहतात. दुसऱ्या बिलाचे पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात.

मोठ्या जाळ्यांत असे घडले आहे का?

अनेकदा. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि भारतासह पश्चिम आशियातील इंटरनेट मंदावले. केबल वेगवेगळ्या समूहांच्या होत्या, पण त्यांची वाट त्याच किनाऱ्याजवळून जात होती. कॅनडात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या दूरसंचार कंपनीचे जाळे कोसळले, तेव्हा एक कोटीहून अधिक ग्राहकांची सेवा गेली. देशभरचे डेबिट कार्ड व्यवहार हाताळणारी ‘इंटरॅक’ त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने दुकानांतील कार्डेही चालेनात. बिघाड शोधणाऱ्या रॉजर्सच्या कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोनही त्याच जाळ्यावर होते. इंटरॅकने त्यानंतर दुसरा पुरवठादार घेण्याचे ठरवले.

निलंग्यातील शाखेने काय पाहावे?

आधी दिशा पाहावी, मग कंपनी. पहिली जोडणी लातूर-औशाकडून येत असेल, तर दुसरी सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील उमरग्याच्या बाजूने किंवा उदगीरकडून येणारी मिळते का, हे विचारावे. ‘तुमची तार कोणत्या रस्त्याने येते आणि ती तुमची स्वतःची आहे का,’ हा प्रश्न तोंडी न विचारता करारात लिहून घ्यावा. उत्तर टाळणाऱ्या कंपनीची जोडणी पर्यायी म्हणून धरू नये.

दुसरी फायबर शक्यच नसेल, तर फोर-जी किंवा फाइव्ह-जी सिमचा राउटर हा स्वस्त पर्याय आहे. टॉवर कोणता आणि त्याची फायबर कुठून येते, ही चौकशी मात्र करावीच. उपग्रहावरची व्हीसॅट जोडणी रस्त्याच्या खोदकामापासून पूर्ण मुक्त असते. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने संदेश जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून अधिक लागतो. नोंदी टाकायला हा विलंब चालतो, व्हिडीओ कॉलला खटकतो. पर्यायी जोडणीवर सीसीटीव्हीचे चित्रण आणि अपडेट बंद ठेवले, तर लहान जोडणीही पुरते.

विजेचा मुद्दा मात्र सगळेच विसरतात. संगणकाला इन्व्हर्टर आहे, पण भिंतीवरचा फायबरचा मोडेम साध्या बोर्डाला लावलेला आहे, असे दृश्य सर्रास दिसते.

जोडणी आहे, पण राउटर तिकडे वळत का नाही?

कारण तार तुटली हे राउटरला कळतच नाही. मोडेमपर्यंतचा दिवा हिरवा असतो आणि बिघाड चाळीस किलोमीटर पुढे असतो. राउटर फक्त जवळचा दिवा पाहत असेल, तर तो जुन्याच वाटेने माहिती पाठवत राहतो. म्हणून मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरला दर काही सेकंदांनी ‘पिंग’ करून, सलग काही उत्तरे न आल्यास वाट बदलण्याची सूचना राउटरमध्ये भरावी लागते. परत येतानाही घाई नको. तार जोडताना ती अधूनमधून चालू-बंद होते आणि दर वेळी वाट बदलली, तर चालू व्यवहार अर्धवट तुटतात. पहिली जोडणी काही मिनिटे स्थिर राहिल्यावरच परतणे बरे. एसडी-वॅनची उपकरणे हे सारे आपोआप करतात, पण लहान संस्थेला त्यासाठी फार मोठा खर्च करण्याची गरज नाही. सूचना नीट भरलेला दोन जोडण्यांचा साधा राउटरही पुरतो.

सिमवर आणखी एक खोच आहे. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात, त्यामुळे लातूरहून शाखेच्या राउटरला थेट हाक मारता येत नाही. व्हीपीएन शाखेकडून सुरू होईल अशीच रचना हवी. हे सारे बसवल्यावर महिन्यातून एकदा, कामकाज सुरू होण्यापूर्वी, पहिली तार मुद्दाम काढून एक व्यवहार करून पाहावा. सिमचे रिचार्ज संपले आहे, हे कळण्याची योग्य वेळ तीच.

जबाबदारी एकट्या ग्राहकाची का?

मुळीच नाही. बेशिस्त खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३ हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र सरकारच सांगते. त्यासाठी २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आणले गेले. खोदण्यापूर्वी ठेकेदाराने त्यावर कळवायचे आणि खाली केबल, जलवाहिनी असलेल्यांनी उत्तर द्यायचे, अशी कल्पना आहे. रस्ता आणि पाणीपुरवठ्याच्या कामांची देयके मंजूर करताना ही सूचना दिली होती का, हे तपासायला नगरपालिकेला किंवा बांधकाम विभागाला वेगळा निधी लागत नाही.

ग्रामपंचायती जोडणाऱ्या भारतनेटबाबतही हाच धडा सरकारला मिळाला. आधीची रचना सरळ रेषेची होती. मध्ये एक ठिकाणी तुटले की पुढची गावे बंद. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटींच्या सुधारित कार्यक्रमात वलयाची रचना स्वीकारण्यात आली. एका बाजूने तुटले, तर माहिती उलट दिशेने फिरून पोहोचावी, हा त्यामागचा हेतू. मात्र वलयाच्या दोन्ही बाजू एकाच रस्त्याच्या एकाच चरातून नेल्या, तर त्यावरचा खर्च वाया जाईल. निलंगा तालुक्यात काम होताना या दोन बाजूंचे मार्ग ग्रामपंचायतींना आणि त्यावर जोडणी घेणाऱ्या संस्थांना आधीच दाखवले गेले पाहिजेत.