रॉकेटचं पहिलं किट घेताय? आधी मोटरचं बघा!

23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं आणि तो दिवस 'राष्ट्रीय अंतराळ दिन' ठरला. घरात रॉकेटचं वेड असलेलं पोर असेल, तर ऑनलाइन दिसणारं मॉडेल रॉकेटचं किट घ्यावंसं वाटणं साहजिक आहे.

पण मेख अशी, की खोक्यात कागदी नळी, पंख, पॅराशूट असतं. ज्याच्या जोरावर रॉकेट उडतं ती मोटर बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते.

मोटर एवढी महत्त्वाची का?

1957 मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतली मुलं घरीच धातूच्या नळ्यांत दारू ठासू लागली. अनेक जण जखमी झाले. 1958 मध्ये व्हर्न एस्टेस यांनी यंत्रावर तयार मोटरी बनवायला सुरुवात केली. मुलांनी रॉकेट जोडायचं, दारूला हात लावायचा नाही, हाच या छंदाचा पाया.

किट निवडायचं कसं?

मोटरवर 'सी6-5' असं छापलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण ताकद. पुढच्या प्रत्येक अक्षराला तिची मर्यादा दुप्पट होते. 6 म्हणजे न्यूटनमधला सरासरी जोर. 5 म्हणजे इंधन संपल्यावर तेवढ्या सेकंदांनी पॅराशूट बाहेर.

अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमांनुसार 'ए'साठी किमान 100 फुटांचं, तर 'सी'साठी 400 फुटांचं मैदान लागतं. त्यामुळे तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी सुरुवातीला 'ए' किंवा 'बी' मोटरवर उडणारं, तयार पंखांचं, लाँच पॅड आणि बॅटरीचा कंट्रोलर सोबत असलेलं किट घ्यावं.

भारतात काय?

इथे मोटरमधली दारू 1884 च्या स्फोटक कायद्याच्या कक्षेत येते. परवाने देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. परदेशातल्या नातेवाइकाला बॅगेतून मोटर आणायला सांगणंही चूक. विमानात ती नेता येत नाही.

मग मोटरशिवायचं किट घरी पडून राहतं आणि 'फटाक्याची दारू भरू या' असा विचार डोकावतो. धोका नेमका तिथेच आहे.

म्हणून भारतात पहिलं किट पाण्याच्या रॉकेटचं घ्यावं. सोड्याची प्लॅस्टिकची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप आणि डोळ्यांना गॉगल. न्यूटनचा तिसरा नियम तोच, आग मात्र नाही.