वऱ्हाडी फक्त हसायलाच का?

अमरावती-अकोल्यात गिटार घेऊन स्टेजवर चढणारी पोरं आता बरीच दिसतात. गॅदरिंग, गणपती, कॅफे, कुठेही. वाजवतात चांगलं. गातात मात्र अरिजित सिंग. दोन गाण्यांच्या मध्ये कोणी तरी माईकवर म्हणतो, "काऊन बे, झोपले का सारे?" लोक हसतात. मग गाणं सुरू होतं आणि देवळाबाहेर चप्पल काढावी तशी वऱ्हाडी बाहेर राहते.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: वऱ्हाडीत रॉक होत नाही.

1958 मध्ये कॅलिफोर्नियात रिची व्हॅलेन्स या सतरा वर्षांच्या पोरानं 'ला बाम्बा' रेकॉर्ड केलं. मूळ गाणं मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागातलं लोकगीत. आपल्या भुलाबाईच्या गाण्यांसारखंच, कोणी रचलं त्याचा पत्ता नाही. या पोराला स्पॅनिश धड बोलताही येत नव्हतं. व्हॅलेन्झुएला हे त्याचं आडनाव कंपनीला लांब वाटलं, ते कापलं. गाणं मात्र स्पॅनिशच राहिलं, इलेक्ट्रिक गिटारवर. 1987 मध्ये लॉस लोबोस या बँडनं तेच गाणं सिनेमासाठी गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. त्यानंतर कोणीही तसलीच आणखी दहा गाणी काढली असती. यांनी पुढच्याच वर्षी अख्खा अल्बम मेक्सिकन लोकसंगीताचा काढला, पारंपरिक वाद्यांवर. त्याला ग्रॅमी मिळालं.

म्हणजे बोलीतली गाणी बाजार संपल्यावर करायची गोष्ट नाही. बाजार पायाशी असतानाही कोणी ती करतं.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? तुकडोजी महाराजांनी खंजिरी मोझरीपासून जपानपर्यंत नेली. आजही गावागावांत भजन मंडळ आहे: एक गाणारा, मागे झील धरणारे, पेटी, तबला, खंजिरी. याला बँड नाही तर काय म्हणायचं? गाडगेबाबांचं 1956 मधलं बांद्र्याचं शेवटचं कीर्तन रेकॉर्ड झालेलं आहे, यूट्यूबवर मिळतं. हेडफोन लावून ऐका. बाबा सवाल टाकतात, गर्दीकडून जवाब काढून घेतात, मध्येच गजर. लोक हसतात, पण बोलीला नाही, स्वतःच्याच खुळेपणाला. अकोल्याच्या विठ्ठल वाघांची 'काया मातीत मातीत' ही कविता सिनेमात गेली, तेव्हाही कोणाला ती विनोदी वाटली नाही.

"चालत नाही" म्हणणाऱ्यांनी आपलाच फोन उघडावा. वऱ्हाडी रील्स धो धो चालतात. त्यात सासू, दारुडा नवरा, मास्तर. ऐकणारे आहेतच की. आपण त्यांना एकच गोष्ट वाढतोय. आजी गेल्यावर रडायचं कोणत्या भाषेत? हिंदीत? मला या प्रश्नाचा राग येतो, कारण उत्तर हळूहळू 'हो' होत चाललंय.

कंट्री संगीताला अमेरिकेतले शहरी लोक 'हिलबिली' म्हणून असेच हसायचे. 1927 च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर टेनेसीतल्या ब्रिस्टल गावात रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आला. डोंगरातून कार्टर फॅमिली आली, रेल्वेत ब्रेकमनचं काम केलेला जिमी रॉजर्स आला. उच्चार धुऊन-पुसून न घेता ते गायले. त्या संगीताचे विषय बघा: कर्ज, शेत, घर सोडून गेलेला पोरगा, आगगाडी. यातलं काय आपल्याकडं नाही? कापूस आहे, सोसायटीचं कर्ज आहे, पुण्याला गेलेला भाऊ आहे.

आगगाडी तर अशी आहे की जिमी रॉजर्सनं हेवा करावा. यवतमाळहून मूर्तिजापूरला आणि तिथून अचलपूरला जाणारी शकुंतला, नॅरोगेजवर रमतगमत चालणारी, आता बंद पडलेली. तिच्यावर मले एक गाणं पाहिजे. खंजिरी, बेस गिटार, आणि 'माह्या', 'तुह्या' जसंच्या तसं. रेकॉर्ड फोनवर केलं तरी चालेल.